नऊ सेकंद, एकदाच

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी जिन्याच्या वळणावर कानांवर हात दाबून, डोळे घट्ट मिटून बसले होते. आवाज थांबल्यावर डोळे उघडले, तर समोर एक शिडी आणि शिडीशेजारी एक माणूस.

"आग नाहीये हो," तो म्हणाला. "मीच आहे."

अशी कुणी ओळख करून देतं का? पण हसायच्या अवस्थेत होते कुठे मी.

मला ऑटिझम आहे. माझ्या डोक्याला आवाज गाळून घेता येत नाहीत, सगळे एकदम आत घुसतात. आमच्या इमारतीचा आगीचा भोंगा तर थेट दातांत वाजतो. तो दर महिन्याला तपासतात, हा माणूस त्याच कामाला यायचा, पण कधी ते कुणी सांगत नाही, आणि मला खरी दहशत होती ती त्याचीच. राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात तो वाजला आणि मी अनवाणी पळत सुटले. चार गल्ल्या ओलांडून एका बंद दुकानामागे जाऊन बसले. माझी वाचाच गेली होती. ताईला मी सापडायला दीड तास लागला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यापासून तिनंच मला सांभाळलं. एकटं राहायचं खूळ माझं. त्यासाठी तिनं एक वर्षाची मुदत दिली होती आणि एकच अट घातली होती – पुन्हा अशी पळालीस तर सामान बांधायचं. तिच्याही जिवाला घोर होता, मला का कळत नव्हतं? पण चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची नोकरी माझी होती, खोली माझी होती, फळीवरचे पाच कप मला हवे त्या क्रमानं होते. हे सगळं त्या मेल्या भोंग्यावर टांगलेलं होतं.

हे सगळं मी त्या परक्या माणसाला जिन्यात बसून सांगून टाकलं. तो दोन पायऱ्या खाली बसून भिंतीकडे बघत ऐकत राहिला. मी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, चष्म्याकडे मात्र बघते. निघताना त्याला म्हणाले, तुमची उजवी काडी वाकडी आहे. तो म्हणाला, वर्षभर झालं, अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात दाराखालून एक चिठ्ठी आली. 'मंगळवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. नऊ सेकंद, एकदाच.'

माझी कामाची पाळी दुपारची. त्या मंगळवारी दहापासूनच मी पलंगाच्या कडेला बसून होते. अकरा दहाला भोंगा सुरू झाला. मी कान दाबून मोजायला लागले आणि नवाला तो गप्प झाला. दिलेला शब्द सेकंदासकट पाळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. भीतीनं नव्हे, पण रडू मात्र आलंच.

चौथ्या महिन्यात त्यानं विचारलं, बटण तुम्हीच दाबता का? खाली जिन्याजवळ एक लाल पेटी होती. मी दाबलं. आवाज तितकाच भयंकर होता, पण या वेळी तो माझ्या बोटाखाली होता. त्यानंतर तो दर मंगळवारी चहाला यायला लागला... आधी मेसेज, मग फोन, मग दारावर दोनच टकटक. मी त्याची काडी सरळ करून दिली, नंबर बदलायला लावला.

"आता नीट दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय ना. पण काय दिसतंय ते सांगितलं, तर तुम्ही परत कानांवर हात ठेवाल."

मी कपांकडे बघत बसले. कान तापले होते. आणि मग नवीनच भीती पाठीशी लागली. माझ्याशी पुष्कळ लोक गोड बोलतात, पण ते लहान मुलाशी बोलावं तसं. याचंही तसंच असेल तर? विचारायची हिंमत होत नव्हती.

अकराव्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, ताई आलेली असताना भोंगा वाजला.

त्याच्या चिठ्ठ्या मी फ्रिजवर लावायचे; मी तिकडे बघितलं. तिथं चिठ्ठी नव्हती. नऊ सेकंद झाले, दहा झाले, वीस झाले. ताईनं घाईघाईनं मला जवळ घेतलं, म्हणाली, घाबरू नकोस, नेहमीचाच असेल. शेजारचीही दारं बंदच होती, सगळ्यांना तसंच वाटत होतं. पण त्यानं कळवलं नव्हतं. याचा अर्थ एकच होता, आणि तो सांगायला माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पळून जावं, कुठंही, चार गल्ल्या... पाय शिवशिवत होते.

मी चपला घातल्या. ताईचं मनगट धरून तिला जिन्यात ओढलं आणि प्रत्येक दारावर मुठीनं बडवत खाली निघाले. लोक चिडून बाहेर आले आणि धूर बघून गप्प झाले. मीटरच्या खोलीत तारा जळत होत्या.

आगीचा बंब येईपर्यंत सगळे सुखरूप बाहेर होते. मी फाटकाशी कान दाबून बसले होते. भोंग्याची खबर मिळून तो धावत आला, चष्मा घामानं घसरलेला. आधी आत कुणी नाही याची खात्री केली, मग भोंगा बंद केला. मला हात न लावता त्यानं चिठ्ठी पुढे केली. 'बंद केलाय. आज परत वाजणार नाही.'

ताईनं ती चिठ्ठी वाचली. मग कितीतरी वेळ ती माझ्या पायांकडे बघत होती.

"चपला घालून आलीस," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. सामान बांधायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

शनिवारी दाराखालून चिठ्ठी आली. 'मंगळवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मी एक प्रश्न विचारणार आहे – माझ्याशी लग्न कराल का? एकदाच विचारीन. उत्तराला हवा तेवढा वेळ घ्या. नाही म्हणालात तरी भोंग्याच्या चिठ्ठ्या येत राहतील.'

मी ती फ्रिजवर लावली. असा प्रश्न लहान मुलाला कुणी विचारत नाही. शनिवार गेला, रविवार गेला. मला माझी खोली हवी होती, कपांचा क्रम हवा होता... आणि सहावा कपही हवा होता. आयुष्यात मी कुणाला न कळवता फोन केलेला नाही. सोमवारी सकाळी केला.

"काय झालं?" त्याचा आवाज घाबरलेला होता. "भोंगा वाजला का? बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. हो."

"हो म्हणजे?"

"उद्याच्या प्रश्नाचं."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मी मोजत होते. नवाला त्याचा श्वास ऐकू आला.

"अहो, आधी कळवायचं तरी," तो म्हणाला. "माझे हात कापतायत."

"कळलं ना, कसं वाटतं ते?" मी म्हणाले. माझेही कापत होते.