देवघरावरची रिकामी कोठडी

"देवाच्या डोक्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून वरच्या दोन्ही मजल्यांवर जागा सोडलीत, अक्का… आणि माझ्या पायांचा विचार एकदा तरी केलात का हो?"

जिन्याच्या वळणावर, कठड्याला धरून, धापा टाकत विमला हे बोलली आणि तिथेच पायरीवर मटकन बसली. जिन्याखाली तिचा नवरा रघुपती मान खाली घालून उभा होता. आणि देवघराच्या उंबऱ्याशी समईची वात पुढे सारणारी अहल्या… रघुपतीची थोरली विधवा वहिनी, विमलेची अक्का, बसवनगुडीतल्या त्या तीन मजली घराची खरी धनीण… तिचा हात थबकला. पण क्षणभरच! वात नीट सारून, बोट पदराला पुसून ती सावकाश उठली.

सकाळीच डॉक्टर सांगून गेले होते. विमलेच्या हृदयाची झडप अधू झाली होती. बालपणी सांध्यांचा ताप येऊन गेला असावा, त्याचं हे देणं. औषधपाण्यानं ती सुखानं जगेल, पण जिना बंद म्हणजे बंद! आता सांगा, जिचं सारं आयुष्यच जिन्याच्या टोकाला, तिनं काय करावं? तिसऱ्या मजल्यावरच्या उजेडाच्या खोलीत तिची वीणा होती, गांधीबाजारच्या बाजूनं शिकायला येणाऱ्या मुली होत्या, तिचं माहेरपण आणि तिचा श्वास, सगळं तिथे होतं. तळमजल्यावर मुळी जागाच कुठली? हॉल, स्वयंपाकघर, देवघर आणि अक्कांची एक खाट जेमतेम मावणारी खोली. रघुपतीनं डॉक्टरांची पाठ फिरताच ठरवून टाकलं की घर विकायचं आणि जयनगरात एकमजली घर बघायचं. गिऱ्हाईक दुपारीच येणार होतं.

"आणि नव्या घरात ते देवघर नको, ते सोवळं नको!" विमला पायरीवरूनच म्हणाली. "अक्का, तुम्ही धारवाडला भावाकडे जा आणि खुशाल सोवळं पाळा. मला ओवळी म्हणणारं माणूस आता डोळ्यांसमोर नको!"

"विमला!" रघुपती ओरडला.

"बोलू दे तिला, रघू. वर्षानुवर्षांचं साठलंय," अहल्या म्हणाली. "फक्त स्वल्प हळू बोल ग बाई, धाप लागते आहे तुला."

खोटं नव्हतं ते. ही पोर लग्न होऊन आली आणि तिनं पाण्याच्या हंड्याला हात लावला की अहल्येचा आवाज कडाडायचाच, "राहू दे! तू ओवळी आहेस!" विहिरीवर गेली, ओवळी. पाट्यावर वाटायला बसली, ओवळी. गाद्यांच्या वळकट्या उचलायला गेली तरी ओवळी! गाद्यांना मेलं कसलं आलंय सोवळं? पण सोवळ्याच्या घरात कारण विचारायची रीत नसते, आणि नेमकं तेच अहल्येच्या पथ्यावर पडलं होतं. अवजड कामं तिनं स्वतःच्या अंगावर ओढून घेतली आणि त्या बदल्यात सोवळ्याची खाष्ट जाऊबाई हे बिरूद निमूटपणे मिरवलं. विमला रात्रंदिवस मनात जळत राहिली. आणि अहल्येला ते दिसत नव्हतं असं का वाटतं तुम्हाला? सगळं दिसत होतं! पण बेळगावच्या लग्नमांडवामागे विमलेच्या आईनं, कस्तुराबाईंनी, आपल्या डोक्यावर अहल्येचा हात ठेवून घेतला होता, त्याला ती काय करणार?

"लेकीच्या काळजात दोष राहिलाय हो, अहल्याबाई…" कस्तुराबाई पदरात तोंड खुपसून रडल्या होत्या. "तिलाही ठाऊक नाही. जपलं तर पुष्कळ वर्षं काही व्हायचं नाही म्हणाले डॉक्टर. पण पुढेमागे पायऱ्या झेपणार नाहीत म्हणे. हे फुटलं तर मांडव मोडेल, पोर जीव देईल. डॉक्टरच्या तोंडून बाहेर येईपर्यंत तुम्ही बोलू नका… शपथ आहे माझी!"

अहल्येनं शपथ घेतली, आणि डोळे पुसत बसली नाही. रघूला सांगितलं तर तो बायकोला काचेच्या कपाटात बसवील, भावकीला कळलं तर 'रोगट सून गळ्यात पडली' म्हणून जन्मभर टोचून खातील… दोन्ही नको! तिचे यजमान जयतीर्थ मोठमोठ्या इमारतींत लिफ्ट बसवण्याच्या कामावर होते. जेवताना त्यांच्या तोंडी एकच विषय: "अहल्ये, लिफ्टची जागा घर बांधतानाच राखावी. मागाहून बसवायची म्हणजे नांदतं घर फोडायचं!" ते अकाली गेले, पण त्यांचं बोलणं हिच्या मनात तसंच्या तसं राहिलं. घर बांधायला निघालं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला. देवघर ह्या कोपऱ्यात, आणि देवाच्या डोक्यावर कुणी पाय देता कामा नये, म्हणून वरच्या दोन्ही मजल्यांवर बरोब्बर तेवढीच रिकामी कोठडी, बाहेरून कडी घातलेली. वर गच्चीत त्याच जागी एक लहानशी खोली.

"वैनी, आता कळस तेवढा राहिला!" रघूनं तेव्हा थट्टा केली होती. त्या कोठडीपायी विमलेच्या वीणेची खोली चिंचोळी झाली म्हणून ती रुसली. खाली देवघरापायी अहल्येची स्वतःची खोली तर निम्मी झाली, पण ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"सरी, झालं तर मग," अहल्या आता म्हणाली. "डॉक्टर बोलले, माझी शपथ सुटली. रघू, वर जा. कोठडीची कडी काढ आणि तिथली सतरंजी उचल. खाली काय आहे ते सांग मला."

रघुपती गोंधळून वर गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "वैनी… इथे काँक्रीट नाही! नुसत्या तुळया आणि फळ्या आहेत!"

"दोन्ही मजल्यांवर तशाच आहेत. उचलल्या की निघतात. देवघराच्या फरशीखाली खड्डा आहे, वाळूनं भरलेला. आणि गच्चीतली ती तुझी कळसाची खोली आहे ना, ती वर ओढणाऱ्या मोटारीसाठी! तुझ्या अण्णांचा कामावरचा सोबती हयवदन शिवाजीनगरात कारखाना चालवतो, त्याच्याकडून मापं काढून घेतली होती मी. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातली मी नव्हे, रघू. घर विकायचं नाही. लिफ्ट बसवायची!"

मग तिनं कस्तुराबाईंची हकिकत सांगितली, एखादी पाककृती सांगावी तितक्या सरळपणे. विमला ऐकत राहिली. हंडे, विहीर, वळकट्या… एकेक अपमान तिच्या डोळ्यांपुढून नव्यानं गेला आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा दिसला!

"म्हणजे… मी ओवळी नव्हते?" ती कशीबशी म्हणाली.

"तू काय ओवळी असणार, वेडे! तू माझ्या रघूचं काळीज. ते सांभाळायला मला दुसरं निमित्त कुठलं मिळणार होतं?"

विमला पायऱ्या उतरू लागली तशी अहल्या गरजली, "हलायचं नाही! मी येते." आणि ती गेली. विमलेनं तिच्या कमरेला मिठी घातली आणि हमसून हमसून रडली. "अक्का, मी तुम्हाला घराबाहेर काढायला निघाले होते… तुम्ही एका शब्दानं तरी…!"

"पण वैनी," रघुपती वरून खाली येत म्हणाला, "देव? लिफ्ट बरोबर देवघरातूनच जाणार! देव हलवायचे?"

ज्या बाईच्या सोवळ्याला अख्खी आळी टरकून असे, ती बाई हसली.

"देव कुठेही बसतील, माझी विमला बसणार नाही. जा, आंघोळ कर, ओलेत्यानं ये आणि देव उचल. माझ्या खोलीत ने. खाट मी हॉलमध्ये काढते."

"हॉलमध्ये नाही!" विमला डोळे पुसत ठासून म्हणाली. "अक्कांची खाट तिसऱ्या मजल्यावर, माझ्या वीणेशेजारी. नाहीतर मला तुमची लिफ्ट नको!"

दुपारी गिऱ्हाईक आलं, कॉफी पिऊन परत गेलं.

फळ्या निघाल्या, वाळू उपसली, मोटार मुंबईहून आली, हयवदननं आपल्या कारखान्यात लिफ्टचा जाळीच्या दाराचा पाळणा बांधला. जयतीर्थांचं नाव निघालं की तो गृहस्थ मधेच काम थांबवून उपरण्यानं डोळे टिपायचा. तोवर विमला हॉलमध्येच होती. एका गुरुवारी ती पहिल्यांदा लिफ्टनं वर गेली आणि कित्येक दिवसांनी घरात वीणा वाजली. अहल्या स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून ती ऐकत होती, आणि आता कुठे तिला रडू आलं… बांध फुटून आलं! भरपूर रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, विमलेला वर प्यायला पाणी हवं म्हणून पितळी घागर भरून कमरेवर घेतली आणि सवयीनं जिन्याकडे वळली.

जाळीचं दार खडखडलं. विमला खाली आली होती. घागर घेतलेल्या, गुडघ्यावर हात दाबून पहिली पायरी चढणाऱ्या जावेकडे तिनं पाहिलं. मग कपाळाला आठ्या घालून, अगदी अक्कांच्याच आवाजात ती कडाडली, "राहू दे! ठेवा ती घागर खाली! तुम्ही ओवळ्या आहात, अक्का!"

अहल्या वळून बघतच राहिली. डोळे पुन्हा भरले, आणि मग ती खळखळून हसली. जन्मभर घराला हुकूम सोडणाऱ्या त्या बाईनं घागर मुकाट्यानं खाली ठेवली आणि विमलेचा हात धरून लिफ्टमध्ये पाऊल टाकलं.