रिकाम्या पॅनचा धूर

"ताई, माझ्या सासऱ्यांना मीच मारलं का? तेवढंच सांगा. हो असेल तर हो म्हणा."

आत आलेल्या बाईने बसायच्या आधीच हे विचारलं. वकिलांच्या हातातला चहा बशीत सांडला.

वकील हे ताईंचे जुने सोबती. वकिली कधी फारशी चालली नाही, म्हणून खासगी तपासाच्या कामात ते ताईंच्या मागे मागे हिंडत, आणि ज्याने काहीच केलेलं नाही नेमका त्याच्यावर संशय घेत.

"आधी बस," ताई म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस, पदरचं काही घालूही नकोस."

ती सांगू लागली. सासऱ्यांची, अण्णांची, फुप्फुसं पार दुबळी झाली होती. चार पावलं चालले की दम लागायचा. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं, तेव्हा घरच्या जावयाने नॉनस्टिक ग्रिल पॅन आणून दिला. त्याचं भांड्यांचं दुकान होतं. पॅन कसा वापरायचा तेही त्यानेच शिकवलं. त्या सकाळी तिने कांदा आणि भोपळी मिरची भाजून अण्णांना वाढली, दार नुसतं ओढून घेतलं आणि त्यांची औषधं आणायला गेली.

"गॅस बंद केला होतास?"

"केला होता असं वाटतं. पण रोजचं काम, हात आपोआप चालतात. छातीवर हात ठेवून नाही सांगता येत, ताई. परत आले तर घरभर धूर. निळसर, घशात टोचणारा. अण्णा त्यांच्या खोलीच्या दारात पडलेले. मी मोठा बर्नर बंद केला, पॅन सिंकमध्ये टाकला, खिडकी उघडली आणि मग सगळ्यांना हाका मारल्या."

"हे घरात सांगितलंस?"

"विचारलं कुणी? नवऱ्याने सिंकमधला पॅन पाहिला आणि म्हणाला, गॅस चालू ठेवून गेलीस. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. मला तेव्हा शब्दच फुटत नव्हता. आता नवरा माझ्या हातचं पाणीही घेत नाही."

"घरात आणखी कोण होतं?"

"कोणी नाही. भाचीचा पक्षी तेवढा. नणंदेकडे रंगकाम चाललंय, म्हणून पिंजरा आमच्या स्वयंपाकघरात ठेवलाय. तो मात्र वाचला बिचारा. पिंजरा बाहेर जिन्यात होता. अण्णांनी नेला असेल."

"अण्णांनी," ताई हळूच म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

*

स्वयंपाकघर लहानसं, पण लख्ख होतं. शेगडीला दोन बर्नर, वर एकच खिडकी.

"पॅन रोज कुठल्या बर्नरवर ठेवतेस?"

"लहान. आच मंद. खिडकी सताड उघडी. भाऊजींनी शिकवलंय तसं."

ताईंनी पॅन उजेडात धरला. तळाच्या उभ्या कडांवरचा काळा लेप फुगून सुटला होता, राखेसारखा पांढुरका झाला होता. त्यांनी पॅन खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.

"वकीलसाहेब, हा जिन्यात नेऊन दाखवा बरं."

वकिलांनी पिंजरा उचलला आणि दारापर्यंत जाता जाता त्यांना धाप लागली. "लोखंडाचा आहे की काय! यातल्या पाखराचं वजन चिमूटभर, आणि घर मात्र तिजोरीसारखं!"

पिवळा पक्षी त्यांच्याकडे रागाने पाहत राहिला.

बाहेरच्या खोलीत अण्णांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, भिंतीकडे तोंड करून बसला होता. "काय विचारायचंय? धांदरटपणा तिचा, बाप गेला माझा. पिंजरा? तिनेच ठेवला असेल बाहेर. घाण होते म्हणून कुरकुरत होती."

"तू तिला विचारलंस?"

"काय विचारायचं त्यात!"

नणंद माहेरीच होती. उकाडा जीव काढत होता, तरी तिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"अण्णा बरे होते," ती म्हणाली. "आदल्या दिवशी त्यांनी ह्यांना एकट्यालाच बोलावून घेतलं होतं. काय बोलणं झालं कुणास ठाऊक." तिने बाही आणखी खाली ओढली. "वहिनी मुद्दाम असं करणार नाही हो. विसरली असेल."

*

भांड्यांच्या दुकानात वकील गिऱ्हाईक बनून शिरले. जावई गोड बोलणारा, हसतमुख माणूस होता.

"हा पॅन न्याच, काका. नियम मात्र पाळायचे हं. आच मध्यमच्या वर नको. रिकामा तापवायचा नाही, आधी तेलाचं बोट फिरवायचं. चमचा लाकडी. खिडकी उघडी. आणि घरात पक्षी असेल तर त्याला स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. पॅन चुकून फार तापला तर सगळ्यांत आधी ते जातात."

तेवढ्यात ताई आत आल्या आणि त्यांनी ओळख सांगितली. जावयाचा चेहरा लगेच दुःखी झाला.

"वहिनी मनाने चांगली हो, पण लक्ष नाही. किती वेळा बजावलं, मोठा बर्नर नको, खिडकी बंद नको. आणि त्या दिवशी नेमकं दोन्ही!"

"तुम्ही तिथे केव्हा पोहोचलात?"

"सगळ्यांच्या शेवटी. सकाळपासून दुकानातच होतो. फोन आला तसा धावलो."

बाहेर चहावाला पेले गोळा करत होता. ताईंनी त्याच्याकडे त्या दिवसाची चौकशी केली.

"त्या दिवशी? शेटचा सासरा गेला तो दिवस ना? दोनदा चहा परत नेला, बाई. शटर खालीच होतं."

रस्त्यावर आल्यावर वकील कुजबुजले, "मला त्या मुलाचाच संशय येतो. किती तुसडा आहे!"

"तुसडा आहे खरा," ताई म्हणाल्या. "पण तुसडेपणाला फाशी नाही, वकीलसाहेब. चला, इन्स्पेक्टरांना फोन करू."

*

संध्याकाळी सगळे अण्णांच्या घरी जमले. इन्स्पेक्टर दाराशी उभे होते. ताई लहान मुलांना गणित समजावावं तशा सावकाश बोलू लागल्या.

"नॉनस्टिक पॅनमध्ये अन्न असलं की उष्णता अन्नात जाते. पॅन रिकामा असला की तोच तापत जातो. फार तापला की लेप जळतो, विषारी धूर सुटतो. धडधाकट माणसाला त्याने ताप येईल, खोकला येईल. अण्णांची फुप्फुसं आधीच थकलेली. त्यांना तो सोसला नाही."

"मग ठेवला कुणी? हिनेच ना!" मुलगा म्हणाला.

"विसरणारा माणूस काय करतो? जे जसं आहे ते तसंच सोडून जातो. म्हणजे पॅन लहान बर्नरवर, मंद आचेवर सापडायला हवा होता, आणि खिडकी उघडी. पण ही परत आली तेव्हा मोठा बर्नर पेटलेला होता, आणि खिडकी हिला उघडावी लागली. विसराळूपणा पॅन उचलून दुसरीकडे ठेवत नाही. खिडकीही लावत नाही. दार नुसतं ओढलेलं होतं, हिच्या मागे कुणीतरी आत आलं."

सुनेने मान वर केली.

"आता पिंजरा. ही म्हणते अण्णांनी नेला. पण तो उचलताना वकीलसाहेबांना धाप लागली, अण्णा काय उचलणार? मुलगा म्हणतो हिने नेला. हिला तर तो जिन्यात कसा गेला हेच ठाऊक नाही. पिंजरा अशा माणसाने हलवला, ज्याला हवा बिघडणार हे आधीच ठाऊक होतं, आणि ज्याला तो पक्षी मरायला नको होता. त्याच्या लेकीचा पक्षी होता तो."

जावई हसला. "पिंजऱ्यावरून खुनी ठरवणार, ताई?"

"नाही, तुमच्याच तोंडून. तुम्ही शेवटी पोहोचलात. तोवर गॅस बंद होता, पॅन सिंकमध्ये, खिडकी उघडी. हिला कुणी काही विचारलं नाही, हिने माझ्याशिवाय कुणाला काही सांगितलं नाही. मग मोठा बर्नर पेटला होता आणि खिडकी बंद होती, हे तुम्हाला कसं कळलं? आणि त्या सकाळी चहावाला बंद शटरसमोरून दोनदा का परतला?"

जावयाचं हसू तसंच राहिलं. डोळे मात्र दाराकडे गेले. तिथे इन्स्पेक्टर होते.

"पण का?" मुलाचा आवाज फाटला.

नणंदेने उत्तर दिलं. शब्दाने नाही. तिने एक बाही कोपरापर्यंत वर केली, मग दुसरी. जुने, नवे, हिरवे, जांभळे वळ.

"अण्णांनी पाहिले होते," ती म्हणाली. "मला म्हणाले, पोरीला घेऊन कायमची ये. ह्यांनाही ते तेच सांगणार होते."

"म्हातारा पोलिसात जाणार होता!" जावई ओरडला. इन्स्पेक्टरांनी त्याचा दंड धरला.

जिन्यावरचे पायांचे आवाज विरून गेले. मुलगा उठला, बायकोच्या दिशेने एक पाऊल आला. "अगं, माझं चुकलं…"

तिने ऐकलं की नाही, वकिलांना कळलं नाही. ती नणंदेकडे पाहत होती. नणंद जमिनीवर बसली होती आणि एकच वाक्य पुटपुटत होती, "माझ्यामुळे गेले. मी वळ नीट लपवले असते तर अण्णा असते. माझ्यामुळे गेले…"

सून तिच्यासमोर बसली. दोन्ही हातांनी तिने तिचा चेहरा धरला.

"वन्सं, हे बोलू नका. हे एकदा डोक्यात शिरलं की झोपू देत नाही, जेवू देत नाही. मला विचारा. त्याने मारलं. तुम्ही नाही, मी नाही. त्याने. म्हणा बघू."

नणंदेचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"पुन्हा म्हणा," सून म्हणाली. "मी आहे इथे."