कुलपाआडचा धक्का

हे मी रचून सांगत नाहीये. माझे दिनानाथमामा आजही पनवेलमध्ये राहतात, हवं तर त्यांना विचारा.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, पनवेलजवळ नेरे गावाच्या बाजूला तलावाकाठचं नवीन उद्यान.

मामा करंजा बंदरावरचे कोळी. बोटीवर पडले आणि कंबरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून व्हीलचेअर. 'दिव्यांगांसाठी मासेमारी व नौकाविहार' असा बोर्ड वाचून त्यांची मुलगी मोनाली त्यांना गळासकट घेऊन आली.

रॅम्प होता. पण लाकडी धक्क्याच्या फाटकाला कुलूप.

"खुर्चीवाल्यांना बंद हाय," वॉचमन काशिराम पुटपुटला.

"मंग बोर्ड काय शोभंला लावलाय?" मामा कडाडले.

 मोनाली तणतणत ऑफिसकडे निघाली, काशिरामही तिच्यामागे गेला.

मामा एकटेच उरले. त्यांनी रागाने खुर्चीचा ब्रेक ओढला.

बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटत होत्या. तो आवाज अचानक थांबला...

फाटकापलीकडे, रिकाम्या फळ्यांवर चाकं फिरली... खर्रर्र... खर्रर्र...

कुणीच नव्हतं.

आणि मामांची खुर्ची हलली.

ब्रेक लावलेला होता. तरी ती निघाली. मगाशी कुलूप होतं ते फाटक... सताड उघडं!

मामांनी चाकं घट्ट धरली. तळवे सोलून निघाले. पाठीमागून कुणीतरी ढकलत होतं. मानेवर पाणी ठिबकत होतं...

पुढची चाकं धक्क्याच्या टोकाला आली.

मामा घाबरले नाहीत. पेटले. इतकी वर्षं जो तो न विचारता त्यांची खुर्ची ढकलायचा, वळवायचा, बाजूला सारायचा. तो सगळा राग उसळून वर आला.

"हात काढ! मला इचारल्याबिगर खुर्चीला हात लावायचा नाय!"

खुर्ची थांबली.

कानाशी एका पुरुषाचा आवाज आला. त्यांच्याहून जास्त संतापलेला...

"मलापन कोनी इचारलं नव्हतं."

"बाबा! तुम्ही आत कसे गेलात?" मोनाली किंचाळत धावत आली.

फाटक बंद होतं. कुलूप जसंच्या तसं.

काशिरामने ते उघडलं.

"या पान्यात कोन खुर्चीवाला बुडलाय रे?" मामांनी विचारलं.

"मला नका इचारू, काका. नोकरी जाईल माझी."

"मानूस गेला, आनि तुमी नुस्तं कुलूप घातलंत?"

मामा बाहेर येताच काशिरामने फाटकाला पुन्हा कुलूप लावलं.

मोनाली आता त्या रस्त्यानेही जात नाही. मामा मात्र काल मला म्हणाले, "घेऊन चल. त्याला कोनी ढकललं, ते इचारायचं हाय मला."

मी अजून हो म्हटलेलं नाही.