वांझ फुलांची भजी

अंबूनं त्याचं मनगट धरलं, तेव्हा तो कोण, कुठला, हे तिला ठाऊकही नव्हतं.

साल अडुसष्टचं, श्रावणातली सकाळ. एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि मार्गासनीच्या कौलांवर पिवळं ऊन पसरलं होतं. अंबू ओढ्यावरून धुणं घेऊन घरामागच्या परसात शिरली, तर तिच्या लिंबोणीपाशी एक अनोळखी तरुण उभा! अंगात पांढरा सदरा, पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि हातात फडक्याची पुरचुंडी. ती झटकली की पिठासारखी पांढरी भुकटी झरत होती. अंबूनं धुण्याची बादली तिथंच टाकली, तीन ढांगांत झाड गाठलं आणि त्याचा हात वरच्या वर पकडला.

"काय चाललंय हे?"

"पावडर... अळ्या पडल्यात झाडावर. तुमच्या वडिलांनीच सांगितलं..." तो गांगरला. हात सोडवून घ्यायचं त्याला सुचेना, आणि सोडायचं तिला.

"अळ्या न्हाईत त्या. फुलपाखरं हायेत."

"अहो, पण पानं खाताहेत!"

"मग? तुमी ल्हानपनी काय वारा पिऊन वाढला?"

तो हसला. अगदी मोकळं, गालाला खळी पडेल असं हसला. तेव्हा कुठं अंबूच्या ध्यानात आलं, की आपण एका परक्या पुरुषाचा हात धरून उभ्या आहोत. तापल्या तव्यावरून काढावा तसा तिनं आपला हात काढून घेतला.

तो होता आनंदराव. भाटघरकडचा, नव्यानं आलेला ग्रामसेवक. विंझरला खोली घेऊन राहायचा, सायकलवरून गावं पालथी घालायचा. गावोगावच्या रिवाजाप्रमाणं त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. अंबूच्या वडिलांनी, गेनबांनी, त्याला चावडीवरून थेट परसातच आणून सोडलं होतं.

गेनबांना मुळात हे परस नकोच होतं. त्यांना तिथं नव्या म्हशीसाठी गोठा घालायचा होता. आणि त्यांची पोरगी! चार वाफे भाजीचे करी, तर बांधाला तेरडा लावी, रुईचं झुडूप राखी, चिमण्यांसाठी परातीत पाणी ठेवी. का, तर म्हणे माश्या-फुलपाखरांचे पाहुणे यायला हवेत. विसावं सरत आलेल्या पोरीच्या तोंडी पाहुण्यांचं नाव यावं ते असं!

"भाऊसाहेबाच्या अंगावर धावून जातीस व्हय?" गेनबा ओरडत आले. "आज सोक्षमोक्षच लावू. दसऱ्यापत्तूर ह्या परसानं घर पोसायचं. बाजारची भाजी एकदा जरी उंबऱ्याच्या आत आली, तर दुसऱ्या दिशी हितं गोठ्याची मेढ रोवतो. न्हाई आली, तर परस तुझं. हाय कबूल?"

"कबूल!" गेनबांचं तोंड मिटायच्या आत अंबू म्हणाली.

जाता जाता आनंदराव हळूच म्हणाला, "घाबरू नका. लिंबोणी राहिली, पण काकडीच्या अन् लाल भोपळ्याच्या वेलांवर आधीच मारलीय पावडर. माल दुप्पट येईल."

अंबू वेलांकडं धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलांखाली मधमाश्या मरून पडल्या होत्या. चार फुलपाखरंही होती, पंखांची पिवळी नक्षी चिखलात माखलेली. अंबूनं एकेक वेचून पदरात घेतलं. आठवडा गेला. वेलांवर फुलं येत होती, करंगळीएवढ्या काकड्या दिसत होत्या, आणि दोन दिवसांत पिवळ्या पडून गळून जात होत्या.

मंगळवारी आनंदराव फेरीला आला. "खत कमी पडलं असेल," म्हणाला.

वाळलेल्या माश्या, पंख आणि पिवळ्या काकड्या अंबूनं सुपात ठेवल्या होत्या. ते सूप तिनं त्याच्यापुढं धरलं. तो उकिडवा बसला. एक पंख त्यानं बोटावर उचलून घेतला.

"मी केलं हे," तो म्हणाला. "ऐन फुलोऱ्यात पावडर मारायची नसते. शिकवलं होतं आम्हाला. घाईत ध्यानात राहिलं नाही... चुकलं माझं."

भांडायला पदर खोचून आलेल्या अंबूची पंचाईत झाली. चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? असा माणूस तिनं घरात तरी पाहिला नव्हता.

तेवढ्यात अंबूची आई, फुलाबाई, ताटलीत गरम भजी घेऊन आली. "खावा, भाऊसाहेब. भोपळ्याच्या फुलांची हायेत. निस्ती वांझ फुलं वो, मागं गाठ न्हाई, फळ न्हाई. रोज समदी खुडती म्या. भाजी न्हाई तर भजी तरी!"

आनंदरावाचा घास हातातच राहिला. "रोज खुडता? सगळी?"

"आठ दिस झालं की."

"अहो, वांझ नाहीत ती! ती... म्हणजे..." त्याचे कान लाल झाले. "त्यांच्यातला पिवळा पराग फळ धरणाऱ्या फुलाला लागला, तरच फळ धरतं. ती... नर असतात."

"म्हंजी कसं?" अंबूनं भोळा चेहरा करून विचारलं. तिला सगळं कळलं होतं. पण त्याची फजिती बघायची संधी कोण सोडतं!

"म्हणजे... ह्याचं त्याला पोचवावं लागतं. एरवी माश्या पोचवतात."

"आन माश्या तर तुमी मारल्या. ऱ्हायलेले नवरदेव आमच्या आईनं तळले. आता?"

"आता मी पोचवतो," आनंदराव म्हणाला. "उद्यापासून. रोज."

आणि तो खरंच आला. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणून उजाडायच्या सुमारास विंझरहून सायकल दामटत यायचा. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पिवळा दांडा गाठीवाल्या फुलात अलगद फिरवायचा. अंबू शेजारी बसून शिकत होती. पानांवरचं दव कोपरांना गार लागायचं. पानांच्या गर्दीत एकच फूल दोघांना एकदम दिसायचं... बोटाला बोट लागायचं... आणि मग दोघंही उगाचच वेगळ्या वेलाकडं वळायची.

"अहो... नाकाला पराग लागलाय तुमच्या."

"लागू द्या. नाकाला काय भोपळा धरनार हाय?"

पाचव्या दिवशी अंबूला सगळं येऊ लागलं. त्याची काही गरज उरली नाही. तरी तो येतच राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं फुलाबाईनं पुष्कळ पाहिली होती. ती चहाला एक कप जास्त मांडू लागली.

पण फूल फुललं म्हणजे फळ लगेच ताटात पडत नाही. मधले दिवस कठीण गेले. अंबूनं हट्टानं परसातलंच शिजवलं. एक दिवस अळू, एक दिवस शेवग्याचा पाला, एक दिवस बांधावरची कुर्डूची रानभाजी, आणि फिरून अळू.

"शेळी समजलीस व्हय मला?" गेनबा ताट सरकवत म्हणायचे. "आन की बाजारातनं चार वांगी. हार म्हन."

"खावा गुमान. औषिदी असतं," अंबू म्हणायची. तिला स्वतःलाच तो पाला घशाखाली उतरत नव्हता.

एका सकाळी आनंदरावानं सायकलच्या दांडीवरची पिशवी काढून कुंपणाआडून तिच्यापुढं केली. आत नसरापूरच्या बाजारातली वांगी होती, गवार होती.

"कुणाला कळणार नाही," तो कुजबुजला. "परसातलीच म्हणा."

अंबूनं पिशवीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "चोरून आनलेल्या वांग्यांनी परस माझं व्हनार न्हाई, भाऊसाहेब. आबांनी न्हाई बघितलं तरी म्या बघितलंय."

"मला बघवत नाही पण! चूक माझी अन् उपास तुम्हाला."

"बघवत न्हाई तर खाली बघा. पाच फुलं ऱ्हायलीत, ऊन चढाय लागलंय."

तो पिशवी घेऊन निघून गेला. तो वळणाआड होईपर्यंत अंबू ताठ उभी होती. मग मात्र तिचे डोळे भरून आले. तिच्यासाठी कुणी चोरून भाजी आणावी इतकं तिच्याबद्दल कुणाला तरी वाटलं होतं, आणि तिनं ती परत धाडली होती! उद्या तो आला नाही तर? ह्या विचारानं तिचा जीव असा काही कासावीस झाला, की आपण ह्या माणसात पुरत्या गुंतलो आहोत हे तिला स्वतःशी कबूल करावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी तो रोजच्या वेळेच्या आधीच आला.

भादवा सरता सरता काकड्या उतरू लागल्या. पावसानं पावडर केव्हाच धुऊन नेली होती. तेरड्यावर मधमाश्या परतल्या, लिंबोणीवरून काळी-पिवळी फुलपाखरं उडाली. नवरात्रात वेलाखाली सात भोपळे लोळत होते. दसऱ्याला फुलाबाईनं त्यातलाच एक किसून घारगे तळले. गेनबांनी आठ खाल्ले, नववा हातात घेतला आणि म्हणाले, "जितलीस. परस तुझं."

अंबू धावत परसात गेली. तिला हे पहिल्यांदा एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि तो माणूस वेलापाशी उभाच होता. चेहरा मात्र पडलेला.

"बदली झाली माझी," आनंदराव म्हणाला. "शिवऱ्याला. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचंय."

अंबू वाकून वेलावरचं वाळकं पान खुडू लागली.

"एक विचारायचं होतं तुला... महिनाभर रोज विचारायचं ठरवून येत होतो. आता विचारत नाही. माझ्याशी लग्न केलंस, तर तुला हे सोडून यावं लागेल. इतकी झगडून मिळवलेली जागा तुझी... मी कोणत्या तोंडानं सोड म्हणू?"

तो 'तू' म्हणाला होता, हे अंबूच्या कानांनी टिपलं. पण तो म्हणत होता तेही खरं होतं. ती निघून गेली की दुसऱ्याच सकाळी इथं मेढ रोवली जाणार. आणि तो निघून गेला तर? तिनं वाफ्यांकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. दोन्हींतलं एक सोडायला तिचं मन तयार होईना. मग सोडायचं तरी कशासाठी?

"चला माझ्यासंगं," ती म्हणाली, आणि त्याला घेऊन थेट ओसरीवर गेली.

"आबा, मला ह्यांच्याशी लगीन करायचं हाय. पर परस सोडून म्या कुठं जानार न्हाई."

गेनबांच्या हातातला घारगा हातातच राहिला. भाटघरकडचे सोयरे त्यांनी मागंच चाचपून पाहिले होते, मुलगा आपल्यातलाच होता. पण ही अट! "म्हंजी काय घरजावई ऱ्हाऊ म्हनतीस ह्यांना? आगं, सरकारी नोकरीतला मानूस! लोक त्वांडात श्यान घालतील त्येच्या. आन तुमी वो, भाऊसाहेब? तुमाला तरी इचारलंय का हिनं?"

आनंदरावानं एकदा अंबूकडं पाहिलं. तिची हनुवटी वर होती, पण बोटं पदराचं टोक पिळत होती.

"विचारलं नाही," तो म्हणाला, "पण बरं झालं. माझं एवढं धाडस झालं नसतं. पलीकडच्या आळीला रखमाजींची खोली मोकळी आहे. ती मी भाड्यानं घेतो. लांब पडलं तरी शिवऱ्याला सायकलनं जाऊन येऊन करीन, पावसात एसटीनं."

"लोक घरजावई म्हनतील."

"म्हणू देत. फुलोऱ्यात पावडर मारणारा म्हणण्यापेक्षा बरंच आहे ते."

गेनबांनी एकदा पोरीकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांनी घरात तोंड करून हाक मारली, "आगं ए, साखर आन. जावायाचं त्वांड गोड कर."

अंबू आत पळाली. चुलीपाशी बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. फुलाबाई साखरेचा डबा घेऊन तिच्यापाशी टेकली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"रड गं बाई, रड. लगीन ठरलं की समद्याच पोरी रडत्यात. माहेर सुटतं ना..."

"आगं पर आई," अंबू हुंदक्यातून हसत म्हणाली, "म्या तर कुठं जातच न्हाई की!"