ओ देणारी माणसं

पाइपाचं भेंडोळं खांद्यावर टाकून ती जंगलाची वाट चढू लागली, तेव्हा टळटळीत दुपार होती. मागे तिचा प्लंबर मामा इंजिनाचा छोटा पंप घेऊन धापा टाकत होता.

"एवढं परदेशात शिकलीस, ते या झपाटलेल्या गावात मरायला?"

"मरायला नाही मामा, पाणी आणायला."

खालच्या वस्तीतले झरे आटले होते. आठवड्याभरात पाणी मिळालं नाही, तर घरंदारं सोडून सगळ्यांना निघावं लागणार होतं. ओसाड गावातल्या विहिरीला पाणी होतं. पण तिथे जाणार कोण? विहीर हाक मारते म्हणत, आणि ओ देणारा परतत नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका दुपारी सहाजण असेच गेले आणि गाव उठलं.

विहिरीपाशी पाखराचाही आवाज नव्हता. कुजल्या पानांचा ओला वास तेवढा येत होता. तिने पेटता कंदील दोरीने खाली सोडला. आठ हातांवर ज्योत गपकन विझली. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथेच विझला.

"बघ मामा! कसला शाप? खाली विषारी हवा साचलीय. पहिला गुदमरून ओरडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा... हाकेला धावून गेले म्हणून मेले रे ते. आणि आपण त्यांना भुतं म्हणतो!"

"म्हणजे आपण उतरायचं नाही ना?" मामाला तेवढ्यातच हायसं वाटलं.

"पाइप उतरेल. आपण वरच."

तेवढ्यात खालून आवाज आला. अगदी थकलेला.

"वर घ्या... वर घ्या हो..."

मामाने तिचं मनगट धरलं. "ओ देऊ नकोस... माझी शपथ..."

ती कठड्यावर वाकली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "ओ! ऐकतेय मी! पण मी खाली येणार नाही. तुम्हीच वर या!"

विहीर गप्प झाली. तिने पाइप पाण्यापर्यंत खाली सोडला आणि मामाने इंजिन सुरू केलं. पाइप फुरफुरला आणि नितळ पाण्याची जाड धार उसळली. मामा त्या धारेत नखशिखान्त भिजून लहान मुलासारखा नाचला. "वाचलो गं! उद्या अख्खी वस्ती इथे पाइप जोडायला आणतो!"

ती हसत वळली आणि थबकली. कठड्यापासून ओल्या पावलांच्या सहा रांगा धुळीतून निघाल्या होत्या, प्रत्येक वेगळ्या घराकडे.

जवळच्याच घरात कुणीतरी हलकेच आतून कडी लावली.