डोसबाईंचा तास

औषधं शिकवण्यात डोसबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. नोकरी सांभाळून पुढे शिकणाऱ्या नर्सेसना त्या घरूनच, लॅपटॉपवर, औषधशास्त्राचा वरच्या पायरीचा अभ्यासक्रम शिकवायच्या. तास दुपारी. कुणी ड्यूटीवरून तशीच बसलेली, कुणी भाजी चिरत, तर कुणी कॅमेरा बंद करून चक्क घोरत. डोसबाई हे नाव या मुलींनीच ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्या दिवशी विषय होता तोंडी ऑर्डरचा. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं औषध नर्सने मोठ्याने परत म्हणायचं, मगच द्यायचं. उदाहरणाला पेशंट हवा म्हणून बाईंनी बाबांनाच घेतलं. बाबा पलीकडच्या खोलीत होते. हृदय थकलेलं, पायांवर सूज, उशांची उतरंड लावूनही धाप लागायची. हॉस्पिटलने हात टेकले होते. बाईंना ना आई, ना भावंड. बाबा गेले तर आपलं म्हणायला कुणी उरणार नाही, या धास्तीने त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"फ्युरोसेमाईड, चाळीस मिलिग्राम, शिरेतून," बाईंनी सूज उतरवणारं औषध सांगितलं.

"फ्युरोसेमाईड, चाळीस मिलिग्राम, शिरेतून," एक आवाज आला. बायकी, दमलेला, पण स्पष्ट. थोड्या वेळाने, "दिलं, मॅडम."

"कोण बोललं आत्ता?"

"कुणीच नाही, मॅडम," एकजण म्हणाली. "भास आम्हाला व्हायला हवेत, नाईट आम्ही करतो."

सगळ्या हसल्या. पण तो आवाज आला तेव्हा माईक सगळ्यांचे बंदच होते.

तास संपवून बाई आत गेल्या. बाबा संथ श्वास घेत पडले होते. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा ताजा बोळा, वर चिकटपट्टी. घराच्या दाराला आतून कडी होती.

"सिस्टरचा हात हलका आहे हं," बाबा म्हणाले. "टोचल्याचं कळलंसुद्धा नाही."

बाईंना दरदरून घाम फुटला. पण बुडत्याला काडीचा आधार. त्या रोज बाबांचंच उदाहरण देऊ लागल्या, अगदी तोलूनमापून, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आवाज परत म्हणायचा आणि द्यायचा. बाबा उठून बसू लागले, पोटभर जेवू लागले. बाई न्हाणीघरात जाऊन आनंदाने रडल्या.

मग शेवटचा तास आला. मुली निरोप घेऊन एकेक करून गेल्या.

"मॅडम," रिकाम्या पडद्यातून आवाज आला, "माझी ड्यूटी संपली. पेशंटचा चार्ज घ्यायला पुढची सिस्टर कुणी आलेली नाही."

बाई पडद्याकडे झुकल्या. "कुणी आलंच नाही तर?"

"तर पेशंट तसाच सोडावा लागेल."

बाईंनी विचार केला नाही. अहो, कसला विचार करणार? बाप होता तो.

"द्या. मी घेते."

"चार्ज तुम्ही घेतलात," आवाजाने परत म्हटलं. आता तो दमलेला वाटत नव्हता.

बाई उठल्या. पाय भरून आले होते, रात्रभर उभं राहिल्यासारखे. बाबांच्या खोलीचं दार त्यांनी हलकेच लोटलं.

बाबा तरतरीत बसले होते.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

बाबांनी परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, सिस्टर. पलीकडे माझ्या लेकीचा तास चाललाय."

भिंतीपलीकडे बाईंचाच आवाज नव्या मुलींना पहिला धडा शिकवत होता.