साठ किलोंखालची माणसं

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तोंडून निसटलेलं खोटं नव्हे. शिक्का मारलेलं, गाडीच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटणारं खोटं. ‘वाहन आपल्या वजनाशी जुळवले आहे.’ कस्तुरी व्हनमाने हे वाक्य रोज वाचत होती, त्यावर विश्वास ठेवत होती आणि आपटत होती. आणि ती आपटली की तुम्ही म्हणत होतात, पोरीला गाडी चालवता येत नाही. म्हणून ही गोष्ट आधी तुम्हाला सांगायची आहे. बाकीच्यांनी ऐकली तरी हरकत नाही.

जतच्या माळावर, पवनचक्क्यांच्या रांगेखाली मोटरसायकलींच्या शर्यतीची धावपट्टी झाली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. सरावाच्या सकाळी तिथे एक गंमत दिसायची. स्वार गाडीवर बसला, त्याने चावी फिरवली, की गाडी त्याच्याखाली जराशी खचायची, जराशी उचलायची. पाहुणा टेकल्यावर घोंगडी सारखी करून द्यावी तसं. मग हिरवं वाक्य उमटायचं आणि गडी निघायचा. पान्याला हात लावायचं कारणच उरलं नव्हतं. शॉकअपमधलं साधं तेल जाऊन तिथे नवं तेल आलं होतं. त्यात लोखंडाची मैद्यासारखी बारीक भुकटी. भोवतीच्या तारेत वीज सोडली की तेल घट्ट, बंद केली की पातळ. बसणाऱ्याचं वजन यंत्र स्वतः ओळखायचं आणि तेल किती घट्ट ठेवायचं ते स्वतः ठरवायचं. लोकांनी त्याला ‘शहाणं तेल’ नाव दिलं. शर्यती भरवणाऱ्या मंडळाने शॉकअपला सील ठोकलं आणि नियम केला, की सील तुटलं तर स्वार बाद.

कस्तुरीचं वजन चव्वेचाळीस किलो. बापाच्या घरचं खाऊन चव्वेचाळीस, स्वतःच्या कमाईचं खाऊन चव्वेचाळीस. सरळ रस्त्यावर तिला कुणी गाठू शकत नव्हतं. पण धावपट्टीवर एक वळण होतं, जुनी विहीर बुजवून केलेलं. जमीन आतून खचत राहायची, त्यामुळे डांबराला तिथे कायमच्या लाटा आलेल्या. गाडी आडवी घालून त्या लाटांवर गेलं, की तिचं मागचं चाक जमीन सोडायचं. हवेतल्या चाकाला पकड कसली? गाडी एकीकडे, कस्तुरी दुसरीकडे. हंगामात तीनदा पडलं की परवाना जन्माचा रद्द, असा नियम. ती दोनदा पडून झाली होती. शर्यत एकच उरली होती, आणि शर्यत सोडून ती दुसरं काही करेल असं तिच्या ओळखीत कुणालाही वाटत नव्हतं.

पहिल्यांदा पडल्यावर ती मंडळाच्या साहेबाकडे गेली होती. गाडी फार कडक लागते, माझ्याखाली दबतच नाही, असं तिने परोपरीने सांगितलं. साहेबाने ऐकून घेतलं आणि हसून उत्तर दिलं, “मॅडम, यंत्राला आकस नसतो.” वर सल्लाही दिला, की चार घास जास्त खा, नाहीतर जाकिटात शिशाच्या पट्ट्या शिवून घ्या, बरेच जण घेतात. तिने शिवून घेतल्या. दुसऱ्यांदा पडली तेव्हा त्यातल्याच एका पट्टीने तिच्या गळ्याखालचं आडवं हाड मोडलं.

तिच्यासोबत सिद्राम बंडगर असायचा. एके काळचा पैलवान, वजन एकशे बारा. आखाडा सोडून गाड्यांच्या नादाला लागला, पण त्याच्याखाली गाडी प्रत्येक उंचवट्यावर बूड आपटायची. तीन वेळा पडून त्याचा परवाना गेला, सोबत एक गुडघाही गेला. त्यालाही हिरवं वाक्यच दिसायचं. आता तो कस्तुरीची गाडी टेम्पोतून ने-आण करायचा आणि तिला काडीपैलवान म्हणायचा.

शेवटच्या शर्यतीच्या आठवडाभर आधीची दुपार. सराव आटोपून गाडी टेम्पोत चढवायची होती. कस्तुरी गाडीवर बसूनच फळीवरून वर जायची. तिने चावी फिरवली आणि नेमकी तेव्हाच फळी सरकली. मागे उभ्या सिद्रामने गाडीची शेपटी धरली, कस्तुरीसकट वर उचलली आणि फळी पायाने नीट करून खाली ठेवली.

गाडी खाली टेकली, आणि कस्तुरीखाली दबली. मऊ, हळू, पोटातून श्वास सोडावा तशी. तीन वर्षांत त्या गाडीने पहिल्यांदा तिला नीट बसू दिलं होतं. पडद्यावर हिरवं वाक्य नव्हतं. तिथे एकच शब्द होता: ‘रिकामी.’

कस्तुरी चावी बंद करून म्हणाली, “परत उचल.”

“मी क्रेन हाय व्हय गं?”

“उचल म्हणते ना, पैलवान.”

त्याने उचलली, तिने चावी फिरवली, परत तोच शब्द. सहा वेळा उचलून सिद्रामच्या कपाळाला घाम आला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात सगळं लख्ख झालं.

गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यावर कुणी नसतं. ट्रकमध्ये पट्ट्यांनी आवळून बांधलेली असते. तेव्हा बॅटरी फुकट जाऊ नये म्हणून शहाण्या तेलाची वीज बंद राहते, आणि काम उरतं ते साध्या स्प्रिंगचं आणि पातळ तेलाचं. बांधताना स्प्रिंग आवळता-सोडता यावी आणि तिची उसळ आवरता यावी म्हणून सीलच्या बाहेर, रबरी टोपीखाली दोन स्क्रू ठेवलेले असतात. चावी फिरवताना शेपटी वर असली, की यंत्राला वाटतं गाडी मोकळी आहे. आणि वजन ते एकदाच बघतं; धावत्या गाडीवर खड्ड्यांच्या हिसक्यांत त्याला ते जमत नाही. चावी बंद होईपर्यंत त्याच्या लेखी गाडी रिकामीच.

आणि हिरवं वाक्य? तेही आता उघड होतं. साठ ते नव्वद किलोंमधल्या एकाही स्वाराची कधी तक्रार नव्हती, म्हणजे यंत्राला कुणीतरी मर्यादा घालून दिली होती. साठच्या खालचं माणूस आलं की साठच धर, नव्वदच्या वरचं आलं की नव्वदच धर. कस्तुरी बसली की ते साठ किलोंसाठी तेल घट्ट करायचं आणि तिला सांगायचं, तुझ्या वजनाशी जुळवलं. नियम तिला तोंडपाठ होते. सील तोडू नये, तारांना हात लावू नये. रबरी टोपीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

आता स्प्रिंग तिच्या अंगाबेताने लावायची होती, आणि हे काम जुन्या पद्धतीनेच होतं. त्याला तीन माणसं लागतात. एकाने बसायचं, एकाने हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवायची, एकाने मोजायचं. तिसरं माणूस म्हणून सिद्रामची बायको गौराक्का आली, गळ्यात शिवणाची टेप तशीच. जतच्या पेठेत तिचं ब्लाऊज शिवण्याचं दुकान होतं. कस्तुरीने तिला समजावलं, की मागचं चाक जेवढं वरखाली होऊ शकतं, त्याचा साधारण तिसरा हिस्सा मी बसल्यावर दबला पाहिजे. कमी दबला तर खळग्यात चाकाला खाली उतरायला जागा राहत नाही, ते हवेत लोंबतं. जास्त दबला तर उंचवट्यावर त्याला वर जायला जागा राहत नाही, बूड आपटतं.

गौराक्काने चाकाच्या आसापासून शेपटीपर्यंत माप धरलं आणि मग वर बघितलं. कस्तुरी घरच्या सलवारीत बसली होती.

“शर्यतीला अशीच जाणार हाईस?”

कस्तुरी म्हणाली, छे, चामड्याचा पोशाख, बूट, शिरस्त्राण, सगळं असतं की.

“मग ते घालून ये. दुसऱ्याच कापडावर माप देऊन मग शिंपिणीच्या नावानं बोंब मारायची, ही तुमची जुनी खोड हाय.”

पोशाखाने माप चांगलं बोटभर बदललं. सिद्राम म्हणाला, वरच्या साहेबांना हिच्या दुकानात शिकाऊ म्हणून ठेवलं पाहिजे. गौराक्का म्हणाली, मी ठेवणार नाही, ते सगळ्या गावाला एकाच मापाचं शिवतील.

पहिल्या स्क्रूने स्प्रिंग त्या मापाला आणली, मग दुसरा स्क्रू. त्याने उसळ आवरायची, म्हणजे दबलेली गाडी किती वेगाने वर यावी ते ठरवायचं. सिद्रामने शेपटी दाबून सोडायची आणि कस्तुरीने बघायचं. गाडी दोनदा नाचली की स्क्रू आवळ, वर यायला आळस करू लागली की सोड. एकदा वर येऊन गप्प बसली, तेव्हा काम झालं.

शेवटी सिद्रामने विचारलं, माझं काय? कस्तुरीला ते सांगणं जड गेलं. त्याच्या वजनाला जाड स्प्रिंगच लागणार होती, आणि ती सीलच्या आत होती. तो हसला आणि म्हणाला, बरं, मग तू तरी जा.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या रेघेवर प्रत्येक स्वाराजवळ गाडी धरायला एक माणूस ठेवायची मुभा होती. इतरांच्या गाड्या एकेक करून हिरव्या झाल्या. कस्तुरी बसली, सिद्रामने शेपटी उचलली, तिने चावी फिरवली. मंडळाच्या तपासनीस कुंदा राजाध्यक्ष दोन ढांगांत तिच्यापाशी आल्या. पडदा बघून त्यांनी विचारलं, हा काय प्रकार?

“रिकामी गाडी आहे, मॅडम.”

“तुम्ही बसलाय तिच्यावर.”

“मी सांगून थकले तेच. तुमच्या यंत्राला मी दिसत नाही. आणि यंत्राला आकस नसतो, असं तुमचेच साहेब म्हणतात.”

बाई खाली वाकल्या. सील बघितलं, तारा बघितल्या, रबरी टोपीवर बोट फिरवलं. वर मंडळाच्या खोलीच्या काचेमागून साहेब हातवारे करत होते, गाडी बाजूला काढा म्हणून. बाईंनी तिकडे बघितलं, परत सीलकडे बघितलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

“सील शाबूत आहे. नियमात बसतंय. निघा.”

पहिल्या फेरीत कस्तुरी मागेच राहिली. तीन वर्षांची भीती एका दुपारीत जात नाही. विहिरीच्या वळणावर तिने गाडी आडवी घातली आणि नेहमीसारखे दात आवळले. पहिली लाट आली. चाक खाली उतरलं. दुसरी आली. चाक वर आलं, परत उतरलं. वर बसलेल्या तिला लाटांची नुसती कुजबुज जाणवली, जमीन कुठे सुटलीच नाही. वळण संपलं तेव्हा शिरस्त्राणाच्या आत ती मोठमोठ्याने हसत होती.

मग तिने कुणाला सोडलं नाही. ज्या वळणावर सगळे वेग उतरवत, तिथे ती वेग चढवत होती. त्याच वळणावर एकेकाला आतून कापत गेली. शेवटच्या फेरीत पुढे उरलेला सातारचा गडीही तिथेच मागे पडला. तिने रेघ ओलांडली तेव्हा मागून येणाऱ्या गाडीचा आवाजसुद्धा तिला ऐकू येत नव्हता. सिद्राम एका पायावर लंगडत, शिव्या देत, रडत धावपट्टीवर आला आणि त्याने तिला गाडीसकट मिठी मारली.

बक्षीस द्यायला साहेब स्वतः मंचावर आले. त्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच दमात जाहीर केलं, की प्रणालीतली ही पळवाट पुढच्या हंगामापासून बंद केली जाईल. चषक तिच्या हातात, आणि माईक त्यांच्या. तिने चषक खाली ठेवला आणि माईक मागून घेतला.

ती शांतपणे बोलली. म्हणाली, पळवाट बंद करा, खुशाल करा, पण आधी मर्यादा काढा. हा पैलवान माझ्याहून चांगला चालवायचा, त्याचा परवाना परत द्या. मग तिने कुंपणापलीकडे बोट केलं. तिथे लोकांच्या स्कुटी लागल्या होत्या, शेकड्याने. हेच तेल आता त्यांच्यातही होतं. कॉलेजला जाणाऱ्या पोरी, वाळलेली म्हातारी माणसं, पाठीवर सिलिंडर घेऊन फिरणारे दांडगे गडी, सगळ्यांना रोज सकाळी तेच हिरवं वाक्य दिसतं.

“साठ आणि नव्वद हे आकडे कुणी टाकले? त्याचं नाव मला हवंय. आणि रस्त्यावर जे पडले, त्यांना तुम्ही काय सांगणार आहात?”

साहेबांनी माईकसाठी हात पुढे केला. सातारच्या गड्याने आपली गाडी आणून मंचासमोर आडवी लावली आणि चावी काढून खिशात टाकली. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. अखेर धावपट्टीवर एकही गाडी चालू नव्हती, आणि कुंपणापलीकडची माणसं आपापल्या स्कुटीवरून उतरून मंचाकडे बघत होती. कस्तुरीने माईक साहेबांच्या हातात दिला.

तो चालू आहे. बोला.